पौलाने 'निमूटपणे' सोसलं? कुठे, ते दाखवा

नगरची नात
कालच्या पोस्टने डोकं उठलं. म्हणे बायबलमधल्या प्रेषित पौलाने फटके खाल्ले, दगड खाल्ले, तीनदा जहाज फुटलं, तरी चकार शब्द काढला नाही. आणि आजचे ख्रिस्ती जरा काही झालं की तक्रार घेऊन धावतात. भाऊ, आपण एकच पौल वाचतोय ना? फिलिप्पै शहरात मारून तुरुंगात टाकलं, सकाळी अधिकारी गुपचूप सोडून द्यायला निघाले. हा म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा. यरुशलेमात फटके मारायला बांधलं, तर शताधिपतीला, म्हणजे रोमी लष्करी अधिकाऱ्याला, कायदा विचारला. रोमी सुभेदार फेस्तासमोर थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, अपील! भर वादळात, जहाजावर 276 माणसं, तरी 'माझं ऐकायला हवं होतं' हे सुनावलंच.

दिमिष्कची वाट
ताई, सलाम. पोस्ट माझीच. त्याच पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं की भावाभावांनी कोर्टात जाऊ नका, त्यापेक्षा अन्याय सोसा. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) जमिनीवरून दोन गट पडले. वडिलांचं आयुष्य तारखांत गेलं, आता रविवारी उपासनेला पंधरा डोकी नसतात. अपिलाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे बघावं.

नगरची नात
तो भावाभावांचा मामला. रोमी सुभेदार फेलिक्स लाचेच्या आशेने पौलाला पुन्हापुन्हा बोलवायचा आणि दोन वर्षं कैदेत ठेवलं, तिथे पौल 'सोसतो' म्हणाला का? माझ्या आत्याला नवरा मारायचा. चर्चचे पाळकसाहेब सांगायचे, पौलाकडे बघ. बघत बघतच गेली ती. म्हणून या असल्या पोस्टींचा राग येतो.

तंबूवाला
मुख्य मुद्दा सगळेच सोडताहेत. पौल करिंथात अक्विल्ला-प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू करून पोट भरायचा. आमच्या पाळकांना क्वार्टर, गाडी, आणि दानार्पणाचा हिशोब मागितला की 'अभिषिक्ताला (देवाने नेमलेल्याला) हात लावू नका'.

पाळकाची लेक
क्वार्टर! पावसाळ्यात आमच्याकडे घरभर पातेली मांडलेली असायची. पप्पांचा पगार महिनोन्‌महिने थकायचा आणि चर्चची पंचमंडळी चहा पिऊन जायची. मळणीच्या बैलाला मुसकी बांधू नका, म्हणजे राबणाऱ्याला मोबदला द्या, हा बायबलच्या नियमशास्त्रातला दाखला पौलानेच दिलाय. थेस्सलनीकात असताना फिलिप्पैकरांनी मदत पाठवली, तीही घेतली.

तंबूवाला
अध्याय पुरता वाचा. बैलाचा दाखला देऊन लगेच म्हणतो, मी हा हक्क वापरला नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनीही 1917 साली मिशनची नोकरी सोडली.

पाळकाची लेक
पौलाला बायकोपोरं नव्हती, काका. आणि टिळकांच्या त्यागाचं कौतुक करताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काय सोसलं तेही वाचा. दुसऱ्याच्या लेकरांच्या पोटावर आध्यात्मिक व्हायला काय जातं?

तंबूवाला
मी हिशोब मागितला. उपाशी राहा म्हटलं नाही.

पाळकाची लेक
तुमच्यासारखेच हिशोब मागायचे. वर्गणी मात्र ईस्टरला एकदाच.

वसईकर
छान चाललंय. मार्क नावाच्या एका सोबत्याला बरोबर घ्यायचं की नाही, यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा इतके भांडले की बर्णबा कुप्राला (सायप्रसला) गेला, पौल सूरियाच्या (सीरियाच्या) वाटेला. तुमचंही तेच होणार. आम्ही कॅथलिक निदान भांडायला बिशपांकडे तरी जातो.

दिमिष्कची वाट
ठीक, 'चकार शब्द' काढून टाकतो, ताईंचं समाधान होऊ दे. आत्याबद्दल वाईट वाटलं. मारहाण होत असेल तर पोलिसातच जावं, ते मी कधी नाकारलं? पण लुस्त्र गावात रोमी नागरिकत्व कुठे कामी आलं? दगडमार करून, मेला समजून गावाबाहेर ओढून टाकला. उठला आणि त्याच गावात परत गेला. तिथे अपील नाही, काही नाही.

नगरची नात
परत गेला, बरोबर. आणि नंतर पुन्हा एकदा गेला, शिष्यांना धीर द्यायला. दगड मारणाऱ्यांशी जुळवून घ्या असं सांगायला गेला नव्हता. पोस्टीत हे घाला, मग मी लाइक करते.

दिमिष्कची वाट
घालतो. लाइक नको.

तंबूवाला
आणि हिशोबाचं काय?