दहा दिवसांत गोळी सोडू नका

"दहा दिवस झाले, फरक शून्य, वर मळमळ, बंद करू का?" असं विचारलंय. जरा थांबा. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या मेंदूतल्या पेशींनी सोडलेलं सेरोटोनिन (पेशींमधले निरोप नेणारं रसायन) परत शोषलं जाणं अडवतात. हे काही तासांतच सुरू होतं, पण मन हलकं व्हायला २ ते ६ आठवडे जातात. मळमळ मात्र आधी येते, आणि बहुधा आधी जातेही.

आमच्या आईलाही अशीच गोळी चालू होती. तिने गोव्यात फोंड्याला चवथीच्या धांदलीत संपलेल्या गोळ्या आणल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी नेवऱ्या तळताना झारा खाली ठेवून म्हणाली, "मान वळवली की डोक्यात करंट लागतो रे." आम्ही बीपी तपासत बसलो! गोळी एकदम तुटल्याचा परिणाम होता तो. डॉक्टरांनी पुन्हा चालू केली. पुढे कित्येक महिन्यांनी हळूहळू उतरवली.

कंबरदुखीला ट्रॅमाडॉल किंवा खोकल्याला डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेण्याआधी फार्मसीत ही गोळी चालू असल्याचं सांगा, सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं. फेणीही नकोच. आणि जीव नकोसा वाटू लागला (पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीला हा धोका जास्त), तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा.