ब्लू टँग या समुद्री माशाच्या अंगावरचे पांढरे ठिपके गेले आणि कितीतरी पटींनी परत आले. मुख्य टँकमध्ये कॉपर (तांब्याचे औषध) घालावे का?

निळी लाट (ठाणे)

नमस्कार. आमच्याकडे ३०० लिटरचा रीफ टँक (प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक) दीड वर्षापासून चालू आहे. त्यात लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव वसलेले समुद्री दगड), थोडे झोआ आणि हॅमर कोरल (प्रवाळ), दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिंप (माशांच्या अंगावरचे परजीवी वेचणारी कोळंबी) आणि मागच्या महिन्यात आणलेला एक ब्लू टँग आहे. टँगला आधी वेगळे न ठेवता थेट टँकमध्ये सोडले, ही माझी चूक झाली. दहाव्या दिवशी त्याच्या परांवर मिठाच्या कणांसारखे आठ-दहा ठिपके दिसले आणि तो दगडाला अंग घासू लागला. दुकानदाराच्या सांगण्यावरून खाद्याला लसणाचा रस लावून दिला. चौथ्या दिवशी ठिपके पूर्ण गेले, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. पण आज सकाळी दिवे लावले तेव्हा टँगचे दोन्ही पर, कल्ल्यांची कड आणि डोळ्यांभोवतीचा भाग ठिपक्यांनी भरलेला होता आणि एका क्लाउनफिशच्या शेपटीवरही दोन ठिपके होते. मासे अजून खात आहेत. खारेपणा (विशिष्ट घनता) १.०२५ आणि तापमान २६ अंश आहे. दुकानदार आता कॉपरची बाटली टँकमध्ये ओतायला सांगत आहे. ती ओतावी का?

प्रवाळबाग

कृपया ओतू नका. उपचारासाठी लागते तेवढे कॉपर श्रिंप, गोगलगाई आणि कोरल यांना मारते. शिवाय लाइव्ह रॉक आणि वाळू ते शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातली मात्रा कधीच स्थिर राहत नाही.

तुमच्या वर्णनावरून हा व्हाइट स्पॉट, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा परजीवी वाटतो, आणि ठिपके का गेले हे समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. जो ठिपका दिसतो तो माशाच्या त्वचेच्या आत शिरून तिथल्या पेशींवर पोसणारा परजीवी असतो. तीन ते सात दिवसांत त्याचे पोट भरले की तो आपण होऊन मासा सोडतो, वाळूवर किंवा दगडावर जाऊन चिकटतो आणि स्वतःभोवती टणक कवच तयार करतो; यालाच पुटी म्हणतात. म्हणजे चौथ्या दिवशी लसणाने काही केले नव्हते. परजीवी फक्त खाली उतरले होते. त्या कवचाच्या आत त्याचे विभाजन होत राहते आणि एकेका पुटीतून २०० पर्यंत पिले पोहत बाहेर पडतात. आज सकाळी तुम्हाला दिसली ती ही दुसरी पिढी.

औषधाचा उपयोग फक्त या पोहणाऱ्या अवस्थेत होतो. त्वचेखालच्या परजीवीपर्यंत कॉपर पोहोचत नाही आणि पुटीचे कवचही ते भेदत नाही. म्हणून पाण्यात औषध सतत असावे लागते, म्हणजे पिले जेव्हा बाहेर पडतील तेव्हा ती माशापर्यंत पोहोचण्याआधीच मरतील. क्लीनर श्रिंपवरही भिस्त ठेवू नये, कारण त्वचेखालचे त्याला वेचता येत नाही.

सगळे मासे, ज्याच्या अंगावर एकही ठिपका नाही तो क्लाउनफिशसुद्धा, वेगळ्या टँकमध्ये हलवावेत. कल्ल्यांतले परजीवी बाहेरून दिसत नाहीत. या टँकमध्ये वाळू किंवा दगड घालू नये; लपायला पीव्हीसी पाईपचे तुकडे पुरतात. हीटर, हवेचा पंप आणि स्पंज फिल्टर मात्र हवाच.

खारेपाणी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली म्हणजे हा वेलवेट (दुसऱ्या एका परजीवीमुळे होणारा रोग) नाही याची खात्री करून घ्यावी. खोलीतले दिवे बंद करून टॉर्चचा उजेड माशाच्या अंगावर बाजूने पाडावा. मीठ भुरभुरल्यासारखे सुटे ठिपके मोजता आले तर व्हाइट स्पॉट. पिठीसाखर चाळल्यासारखी बारीक, मोजता न येणारी धूळ दिसली, मासा धापा टाकत पंपाच्या प्रवाहात तोंड करून उभा राहिला आणि खाणे सोडले, तर वेलवेट. वेलवेटमध्ये दोन-तीन दिवसांत मासे जातात, त्यामुळे तिथे वाट पाहण्याला जागा नसते. काही जण पाण्याचा खारेपणा १.००९ पर्यंत उतरवून उपचार करतात. तो व्हाइट स्पॉटवर बहुतेक वेळा लागू पडतो, पण वेलवेटवर मुळीच नाही. म्हणून निदानाबद्दल शंका असेल तर कॉपरच निवडावे.

दुसरी गोष्ट माझ्या अनुभवातली आहे आणि ती लिहिताना आजही वाईट वाटते. बाटलीवरील कॉपर कोणत्या प्रकारचे आहे ते आधी वाचावे. चिलेटेड (दुसऱ्या द्रव्याने बांधून ठेवलेल्या) कॉपरची मात्रा साधारण २ ते २.५ पीपीएम (दशलक्षात भाग) ठेवतात, तर साध्या आयनिक (न बांधलेल्या) कॉपरची केवळ ०.१५ ते ०.२०. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर मासे मरतात किंवा उपचार वाया जातो. मी मात्रा बरोबर ठेवली होती, परंतु पाचव्या दिवशी नव्या टँकमध्ये अमोनिया चढला आणि घाबरून मी अमोनिया बांधून ठेवणारे द्रव्य घातले. अशी द्रव्ये चिलेटेड कॉपरबरोबर घातल्यास बांधलेले कॉपर सुटून विषारी होऊ शकते. सकाळपर्यंत माझे तिन्ही मासे तळाशी होते. अमोनिया वाढला तर पाणी बदलणे हाच मार्ग आहे, आणि बदलायच्या पाण्यात त्याच मात्रेचे कॉपर आधीच मिसळून ठेवावे, नाहीतर दर वेळी मात्रा खाली येते आणि तेवढ्या वेळात पिलांना मोकळे रान मिळते.

निळी लाट

दोघांचेही मनापासून आभार. टॉर्च लावून पाहिले. ठिपके सुटे आणि मोजता येण्यासारखे आहेत, कल्ल्यांची हालचालही शांत आहे. साठ लिटरचा टँक आज संध्याकाळी उभा करतो. मुख्य टँक रिकामा किती दिवस ठेवायचा? आणि माशांवरचे कॉपर ठिपके गेले की थांबवता येईल का?

प्रवाळबाग

ठिपके जातील, तरी थांबवू नका. मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा, ती पूर्ण झाल्यापासून ३० दिवस मोजा आणि रोज टेस्ट किटने तपासा. किट तुमच्या कॉपरच्या प्रकाराला चालणारे आहे ना, हे घेतानाच विचारा. मात्रा मधेच खाली आली तर दिवस पहिल्यापासून मोजावे लागतील. टँग पहिले दोन दिवस कमी खाईल. नोरी शीट (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पापुद्रा) क्लिपला लावून ठेवा.

मुख्य टँकमध्ये ७६ दिवस एकही मासा नको. पुटीतून ७२ दिवसांपर्यंत पिले बाहेर पडल्याची नोंद आहे, त्यावर हे चार दिवस राखीव. मासा मिळाला नाही तर पिले एक-दोन दिवसांत मरतात. तोवर दिवे, पंप आणि हीटर नेहमीसारखे चालू ठेवा, श्रिंपला दोन दिवसांतून एकदा चिमूटभर खाद्य द्या. दोन्ही टँकसाठी जाळी, बादली आणि सायफनची नळी वेगळी ठेवा, आणि शक्य असेल तर नवा टँक दुसऱ्या खोलीत मांडा, कारण हवेच्या पंपातून उडणाऱ्या तुषारांबरोबरही परजीवी पोहोचू शकतात. टँग पकडताना दगड हलवावे लागतील. ते काम रात्री दिवे बंद झाल्यावर करा, तेव्हा तो एकाच कपारीत पडून असतो आणि त्याला पळवून दमवावे लागत नाही.