बूट फाटला, पण जॉइंट वाचलाय का?

गाडीचं चाक सस्पेन्शनला जोडणारा गोल सांधा म्हणजे बॉल जॉइंट, आणि त्यावरचं रबरी आवरण म्हणजे बूट. बूट फाटला म्हणजे अख्खा बॉल जॉइंटच बदलायचा का, हा प्रश्न असतो. दरवेळी नाही. फाटून किती दिवस झाले, यावर ते ठरतं.

रबर फाटलं की ग्रीस बाहेर येतं आणि पाणी, बारीक वाळू आत जाते. ती वाळू पॉलिश पेपरसारखी बॉलला घासत राहते. म्हणून आधी गाडी स्टँडवर घ्या आणि पहारीने हलका जोर देऊन बघा. 'टक्' असा खेळ (ढिलेपणा) जाणवला तर नवा बूट घालण्यात काही अर्थ नाही. खेळ नसेल तर जुनं ग्रीस दोन बोटांत चोळा. कचकच लागली किंवा तांबूस गंज दिसला तर जॉइंटच बदला. इथे काटकसर खरंच नको. जॉइंट निखळला तर चालत्या गाडीचं चाक आडवं पडतं.

जॉइंट सोडवताना दोन दात्यांचा फोर्क ठोकू नका, तो चांगला बूटही फाडतो. स्क्रू आवळून जॉइंट सोडवणारा पुलर घ्या. नवा बूट स्टडचा (बॉलच्या दांड्याचा) आणि हाउसिंगच्या (बॉल बसतो त्या वाटीच्या) खाचेचा व्यास मोजूनच आणा. ग्रीस ठासून भरू नका, बूट फुगतो आणि वळणावर कडेने ग्रीस ओकतो. स्टडचा निमुळता भाग मात्र कोरडा पुसा. बूट धरून ठेवणारी रिंग खाचेत बसली का, हे सगळीकडून बोट फिरवून बघा, बहुतेक चुका तिथेच होतात.

लॉक नट नवीनच लावा. स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून भोकातून घालायची पिन) असेल तर भोक जुळवायला नट सैल करायचा नाही, किंचित आवळून पुढचं भोक गाठायचं.