मदत हवी आहे: टोलच्या स्थानिक पाससाठी 20 किलोमीटर मोजतात कसे?

पुणे जिल्ह्यात राहतो. आईला दर आठवड्याला पुण्यात तपासणीला न्यायचं तर नदीच्या पुलाआधी टोलनाका लागतो. नाका हटवा म्हणून पंचक्रोशीने दोनदा रास्ता रोको केला, मीही बसलो होतो. चार दिवस गाड्या सोडल्या, पाचव्या दिवशी दांडा परत खाली.

म्हणून आता कागदावर भांडतोय. राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम, 2008 मध्ये 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या बिगर-व्यावसायिक गाडीला मासिक पास आहे. आधार, वीजबिल, आरसी (पांढरी पाटी, माझ्याच नावावर) दिलं. फास्टॅग चालू आहे. उत्तर तोंडीच: ‘अंतर बसत नाही.’ नकाशावर सरळ रेषेत 18 भरतात, रस्त्याने 21. दुसरं कारण सर्व्हिस रोडचं. तो असेल तर पास नाही, हे नियमातच आहे, मान्य. पण आमचा सर्व्हिस रोड पुलापाशी संपतो, पुढे नुसत्या बाभळी! लेखी नकार मागितला तर ‘साहेब आल्यावर या’.

टोल असावा की नसावा हा वाद इथे नको. पास मिळवलेल्यांनी सांगा: अंतर रस्त्याने धरलं की सरळ रेषेत? आणि अर्धवट सर्व्हिस रोडचा पुरावा म्हणून काय जोडलंत?