ईटीपी होती, तरी पाणी खारटच

प्रत्येक कारखान्याला ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) सक्तीची केली की नदीप्रदूषणाचा प्रश्न मिटला, असं कुणीकुणी म्हणतं. अर्धंच खरं आहे. तमिळनाडूतलं कापड रंगवण्याच्या धंद्याचं शहर तिरुपूर बघा. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जुळवणारे) बसायला भरपूर मीठ लागतं, आणि ते कापडात राहत नाही, सांडपाण्यात जातं. नेहमीच्या ईटीपीत गाळ खाली बसतो, जिवाणू सेंद्रिय घाण खातात, रंगही बराच उतरतो. विरघळलेलं मीठ मात्र जसंच्या तसं पुढे. पाणी दिसायला बरं, पिकाला घातक.

तिरुपूरच्याच नोय्यल नदीवर १९९२ साली ओरथुपाळयम धरण झालं ते शेतीसाठी. साठलं डाइंगवाल्यांचं, म्हणजे कापड रंगवणाऱ्यांचं, खारट पाणी! ते सोडू नका म्हणून शेतकरीच भांडू लागले. (धरणाचं पाणी नको म्हणणारा शेतकरी आपल्याकडे कुणी पाहिलाय?) जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने डाइंग युनिटं बंद करायला लावली, तेव्हा कुठे आरओ (पडद्यातून पाणी गाळून क्षार वेगळे करणं) आणि बाष्पीभवनाच्या प्लांटकडे गांभीर्याने बघितलं गेलं. आता पाणी आणि बरंचसं मीठ परत वापरता येतं. पण विजेचा आणि वाफेचा खर्च जबर, आणि शेवटी उरलेल्या मिश्र क्षारांच्या पोत्यांचं करायचं काय?