धाप हृदयाची की फुप्फुसाची? उपकेंद्रात फक्त तपासून कसं ओळखायचं? (मदत हवी आहे)

उपकेंद्र_सीएचओ
उत्तर आजच हवं आहे, बाई उद्या सकाळी परत येणार आहे. चालताना धाप लागते, कोरडा खोकला, रात्री जास्त. वर दाखवून आली, दमा म्हणून सालब्युटामॉलचा पंप दिलाय. पंपाने काही फरक नाही. मी पाठीला स्टेथो लावला तर दोन्हीकडे खाली क्रेप्ट्स (श्वासाबरोबर येणारी करकर). ऑक्सिजन ९६, बीपी ११०/७०, ताप नाही. माझ्याकडे ईसीजी नाही. एक्स-रेला तालुक्याला जावं लागतं आणि घरचे म्हणतात, दमाच आहे तर गाडीभाडं कशाला घालवायचं. हाताने, कानाने तपासून हृदय की फुप्फुस हे कसं ठरवायचं तेवढं सांगा. नुसतं 'डॉक्टरांना दाखवा' असं कृपया लिहू नका, त्यांना पटेल असं कारण मला हवं आहे.

निवृत्त_एमओ
ताई, नुसत्या क्रेप्ट्सवर काही ठरत नाही. वय किती? चुलीवर स्वयंपाक? मशेरी, तंबाखू? शिट्टी ऐकू येते की नुसती करकर? करकर बारीक, श्वास आत घेण्याच्या शेवटी येणारी, की जाडसर, सुरुवातीलाच येणारी? खोकायला लावून परत ऐकलंत का? कफाची असेल तर खोकल्यावर जागा बदलते किंवा जाते, पाणी साठल्याची तशीच राहते. रात्री किती उशा लागतात? झोपेतून धापेने उठून बसते का? पायाला सूज? आणि नाडी लिहिलेलीच नाही.

फिजिओवाला
सहा मिनिटांची चाल चाचणी करा, फार काही लागत नाही. ३० मीटरचा सरळ पट्टा आखा, आधी आणि नंतर ऑक्सिजन, नाडी, धाप किती लागली ते लिहा. बसून ९६ असलेला माणूस चालून ८८ वर येतो, फुप्फुसं आतून घट्ट होण्याच्या आजारात तर हे फार दिसतं. बसलेल्या पेशंटचा ऑक्सिजन बघून कोणी निर्धास्त राहू नये.

निवृत्त_एमओ
शेवटचं वाक्य मान्य. पण बाई रात्री उठून बसत असेल तर तिला आधी चालवू नका. बसल्या जागी धाप नाही, छातीत दुखत नाही, नाडी फार जलद नाही हे बघितल्याशिवाय ही चाचणी करू नये. ती आजार किती वाढलाय ते सांगते, कशाचा आहे ते नाही.

फिजिओवाला
सर, तपासून मगच करायची हे आम्हालाही शिकवलंय. पण सगळे छातीलाच स्टेथो लावून बसतात आणि पेशंट चालतो कसा हे कोणी बघत नाही, म्हणून लिहिलं.

सासऱ्यांची_सून
आमच्या सासऱ्यांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुना आजार) आहे, घरी ऑक्सिजन मशीन आहे. डॉक्टरांनी ८८ ते ९२ च्या मध्येच ठेवायला सांगितलंय, जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. नेलपॉलिश असलं की मीटर चुकतो, तेही बघा.

उपकेंद्र_सीएचओ
ऑक्सिजन लावायचा प्रश्नच नाही इथे, ९६ आहे.
वय २७. चूल आहे, गॅसही आहे. मशेरी नाही. पायाला थोडी सूज संध्याकाळी. दोन उशा लागतात, रात्री उठून खिडकीशी बसते असं सासू सांगते. शिट्टी नाही. बारीक करकर आहे, खोकल्यावर तशीच. नाडी जलद वाटली.

वनौषधी_प्रेमी
अडुळसा, ज्येष्ठमध, चिमूटभर सुंठ यांचा काढा सकाळ-संध्याकाळ. माझ्या आईचा वर्षानुवर्षांचा खोकला याने गेला. पंपाची सवय लागते.

नाईट_ड्युटी_सिस्टर
२७ वर्षांची बाई आणि दोन उशा? मॅडम, पाळी कधी आली होती तिला? गरोदर आहे का? हिमोग्लोबिन किती?
(काढा सांगणाऱ्या दादांना विनंती, पोटात बाळ असेल तर विचारल्याशिवाय काही देऊ नये. आणि पंपाची सवय लागते ही समजूत काढून टाका. पंप सोडून दिलेले दम्याचे पेशंट मी रात्री निळे पडलेले बघितलेत.)

उपकेंद्र_सीएचओ
हो, पाचवा महिना संपत आलाय. उद्या एएनसीचाच (गरोदर बायकांच्या तपासणीचा) दिवस आहे, म्हणून तर घाई. हिमोग्लोबिन ९.८. पहिलं मूल घरीच झालं होतं, तेव्हाही धाप लागायची म्हणे, मग आपोआप कमी झाली. गरोदरपणात धाप तर सगळ्यांनाच लागते ना?

निवृत्त_एमओ
ताई, आता चित्र बदललं. जिना चढताना थोडी धाप, संध्याकाळी पायाला सूज, हे गरोदरपणात चालतं. आडवं झाल्यावर धाप, झोपेतून उठवणारी धाप आणि फुप्फुसाच्या तळाशी न जाणारी करकर चालत नाही. ९.८ हिमोग्लोबिनने एवढं होणार नाही.

माझा पहिला संशय हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद असल्याचा. लहानपणी संधिवाताचा ताप (सांधे सुजवणारा) येऊन गेलेला असतो, घरच्यांच्या लक्षातही नसतो. झडप हळूहळू जाड आणि अरुंद होते. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, ठोकेही वाढतात. ठोके वाढले की दोन ठोक्यांमधली उसंत कमी होते, आणि त्या उसंतीतच रक्त अरुंद झडपेतून पुढे जायचं असतं. ते मागे फुप्फुसात तुंबतं. म्हणून खोकला, म्हणून करकर, म्हणून गेल्या वेळी बाळंतपणानंतर कमी झालं. पंप घेतल्यावर धडधड वाढते का ते विचारा. सालब्युटामॉलने ठोके वाढतात, अशा बाईचा त्रास त्याने वाढू शकतो.

उद्या असं करा. आधी नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, नियमित आहे का बघा. मग हात न काढता, न सांगता, श्वास एक मिनिट मोजा. सांगून मोजलेला श्वास खरा नसतो. पाठ ४५ अंशांवर टेकवून मान बघा. उरोस्थीवर (छातीच्या मधल्या हाडावर) दुसऱ्या बरगडीजवळ जो उंचवटा लागतो त्याच्यावर ३ सेंटिमीटरपेक्षा उंच शीर फुगलेली दिसली तर दाब वाढलेला आहे. पण हे फुप्फुसाच्या जुन्या आजारातही होतं, उजवं हृदय थकलं की. त्यामुळे एकट्या शिरेवर निकाल देऊ नका.

मग तिला डाव्या कुशीवर वळवा. गरोदर बाईला तसंही ते सोयीचं. अपेक्स, म्हणजे हृदयाच्या टोकाचा ठोका जिथे लागतो ती जागा, बोटाने शोधा आणि तिथे बेल (स्टेथोची वाटीसारखी बाजू) हलकेच टेकवा. दाबलीत तर बेलचा डायफ्राम (स्टेथोची चपटी बाजू) होतो आणि खालच्या पट्टीतला आवाज हरवतो. श्वास बाहेर सोडून क्षणभर थांबायला सांगा. दुसरा हात मानेतल्या नाडीवर ठेवा, नाडीबरोबर येतो तो पहिला ठोका. तो टणक, मोठा वाटतो का? दुसऱ्या ठोक्यानंतरच्या शांततेत खालच्या पट्टीतली घरघर येते का? गरोदरपणात सिस्टोलमधली (पहिल्या आणि दुसऱ्या ठोक्याच्या मधली) हलकी मर्मर, म्हणजे ठोक्यांमधली घरघर, पुष्कळदा निरुपद्रवी असते, तिसरा ठोकाही कधी ऐकू येतो. डायस्टोलमधली (दुसऱ्या ठोक्यानंतरची) मर्मर मात्र गरोदरपणाच्या नावावर कधीही सोडायची नाही.

इको_करा_सरळ
सरांबद्दल आदर आहे, पण मायट्रल स्टेनोसिसची (मायट्रल झडप अरुंद झाल्याची) मर्मर एमडीच्या मुलांनाही पटकन सापडत नाही. ती ऐकू आली नाही म्हणून ताईंनी बाईला घरी पाठवलं तर? टू-डी इकोशिवाय (हृदयाच्या सोनोग्राफीशिवाय) काही ठरवू नये. आता हातात मावणारे सोनोग्राफीचे प्रोबसुद्धा आलेत, फुप्फुसातलं पाणी कानापेक्षा लवकर दिसतं.

निवृत्त_एमओ
इको करायचाच आहे, त्यावर वाद नाही. पण इको जिल्ह्याला आहे आणि बाई उपकेंद्रात. तिला तिथपर्यंत कोण पाठवणार? जिने करकर ऐकली तीच. तुमचा मुद्दा घेऊन एवढं जोडतो: ताई, मर्मर ऐकू आली नाही तरीही पाठवायचंच. लक्षणं आणि क्रेप्ट्स पुरेसे आहेत.

स्टेथो_संग्राहक
सरकारी पुरवठ्याच्या स्टेथोने मर्मर ऐकू येणार नाही. लिटमनचा घ्या. त्याच्या काही मॉडेलमध्ये वेगळी बेल नसते, हलकं टेकवलं की बेल, दाबलं की डायफ्राम.

नाईट_ड्युटी_सिस्टर
स्टेथो कुठला ते नंतर. आधी तो कातडीला लागू दे. निम्म्या ठिकाणी पदरावरून, ब्लाउजवरूनच ऐकतात, आणि कापड घासल्याचा आवाज क्रेप्ट्ससारखाच वाटतो. अपेक्स डाव्या स्तनाखाली येतो. दार लावा, पडदा ओढा, आशाताईंना आत उभं करा, काय करणार ते बाईला आधी सांगा. संकोच बाईलाही असतो आणि तपासणाऱ्यालाही, त्या संकोचापायी तरण्या बायकांचं हृदय नीट ऐकलंच जात नाही आणि पंप हातात पडतो.

इतिहासवेडा
सिस्टर म्हणतात त्याच संकोचातून स्टेथोस्कोप जन्मला. १८१६ साली पॅरिसला लाएनेक या डॉक्टरांकडे हृदयाचा त्रास असलेली एक तरुणी आली. तेव्हा थेट छातीला कान लावून ऐकायचे. ते त्यांना योग्य वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी करून एक टोक तिच्या छातीला आणि दुसरं कानाला लावलं, आणि कानापेक्षा स्पष्ट ऐकू आलं. पुढे लाकडी नळी केली, १८१९ मध्ये ग्रंथ छापला.

फिजिओवाला
गरोदर आहे म्हटल्यावर माझी चाल चाचणी मागे. पण रात्री कशी बसते ते बघून ठेवा. पाय खाली सोडून बरं वाटतं की हात गुडघ्यावर टेकून, ओठ चंबू करून श्वास सोडते? दुसरं सीओपीडीत जास्त दिसतं. छाती पिंपासारखी फुगलेली आहे का तेही बघा, वाटत नाही असेल.

उपकेंद्र_सीएचओ
छाती फुगलेली नाही. पाय सोडूनच बसते. आत्ताच आशाताईंना फोन केला. पंप घेतला की धडधड होते म्हणून बाईने दोन दिवस घेतलाच नाही. लहानपणी गुडघे सुजायचे, शाळा बुडायची, असं तिची आई म्हणाली. हे मी विचारलंच नसतं. आता घरच्यांना काय सांगू? आणि उद्यापर्यंत थांबू की आज हलवू?

नाईट_ड्युटी_सिस्टर
आशाताईंना आत्ता घरी जायला सांगा. बसूनही धाप, गुलाबी फेस किंवा रक्त, ओठ निळे, वाक्य पूर्ण बोलता येत नाही, नाडी वेडीवाकडी, यातलं काहीही असेल तर १०८, आजच, बसवून न्यायचं, आडवं नाही. नसेल तर उद्या तुम्ही तपासा आणि तिथूनच १०२ ने (गरोदर बायकांसाठीची मोफत गाडी) जिल्ह्याला. गाडीभाड्याचा प्रश्न राहत नाही, तेच घरच्यांना सांगा.

निवृत्त_एमओ
बरोबर. नाडी अनियमित असेल तर हृदयात गुठळी होण्याची भीती असते, तिला रात्र काढू देऊ नका. घरच्यांना सांगा की दमा नसावा अशी शंका आहे, हृदयाची झडप तपासायची आहे, आणि गर्भ वाढेल तसा भार वाढणार आहे. वेळेत कळलं तर औषधाने ठोके आटोक्यात ठेवतात, गरज पडली तर गरोदरपणातही फुग्याने झडप मोकळी करता येते.

चिठ्ठीत फक्त 'धाप' लिहू नका. 'पाचवा महिना, दोन उशा, रात्री धापेने जाग, दोन्ही तळाशी खोकल्यावर न जाणारे बारीक क्रेप्ट्स, लहानपणी सांधेसूज, टू-डी इको व्हावा' असं लिहा, नाडी आणि श्वासाचे आकडे घाला.

उपकेंद्र_सीएचओ
आशाताई पोहोचल्या. बसून बोलतेय, रक्त नाही. नाडी त्यांनी मोजली, ११२, मधूनच चुकते म्हणतात. मी निघतेय तिकडे. १०८ ला फोन लावलाय.

स्टेथो_संग्राहक
बेल बरोबर घेऊन जा.