प्रतिसाद: रूझवेल्ट आणि जॉन्सन

‘रूझवेल्टचा न्यू डील यशस्वी, जॉन्सनचं गरिबीविरोधी युद्ध फसलं’ हे मत मला घाईचं वाटतं. (दोघेही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. न्यू डील हा १९३० च्या दशकातल्या महामंदीत रोजगार आणि मदत देणारा रूझवेल्टचा कार्यक्रम, तर गरिबीविरोधी युद्ध ही जॉन्सनने १९६४ मध्ये सुरू केलेली मोहीम.) मुळात दोघांसमोरचा प्रश्नच वेगळा होता. १९३३ मध्ये अमेरिकेत साधारण चारातला एक कामगार बेकार होता, त्यामुळे रस्ते, पूल, शाळा बांधायला माणसं लावणं हा सरळ उपाय होता. १९६४ मध्ये अर्थव्यवस्था जोरात होती, तरी जवळपास १९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली. भरभराटीतही मागे राहिलेल्यांना वर काढणं जास्त अवघड, नाही का?

शिवाय १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय नेमके याच कामांत! (यशाचं कौतुक करताना हे सहसा विसरलं जातं.) उलट जॉन्सनच्या १९६५ च्या मेडिकेअरने, म्हणजे वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, रुग्णालयांना अट घातली, की वंशभेद पाळाल तर केंद्राचा पैसा मिळणार नाही. अनेक ठिकाणचे वेगळे वॉर्ड त्यानंतर भराभर बंद झाले.

आणि आकडेच हवे असतील तर १९६९ पर्यंत गरिबी १२ टक्क्यांच्या आसपास आली होती. त्यात तेजीचाही वाटा होता, हे मान्य. पण अधिकृत मोजणीत फक्त रोख उत्पन्न धरतात. फूड स्टॅम्प (अन्न विकत घ्यायला सरकारी मदत), मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) त्यात येतच नाहीत. म्हणजे जॉन्सनने दिलेलं बरंचसं त्याच्या खात्यात जमाच होत नाही.

व्हिएतनाम युद्धावरच्या खर्चाने पुढे हात आखडला, तो भाग वेगळा.